चौथऱ्यावर काय लिहायचे?

अकोले तालुक्यातील एका गावच्या चौकात राघोजी भांगरे यांचे स्मारक उभारावे, यासाठी शाळेच्या वर्गखोलीत बैठक भरली होती. या तालुक्यात माझी सारी नोकरी शिक्षकीत गेली, म्हणून मलाही बोलावणे होते. वर्गणी किती, जागा कोणती, पुतळा अर्धा की पूर्ण, हे विषय तासाभरात उरकले. वाद पेटला तो चौथऱ्यावरील मजकुरावरून. वर्गणी देण्यास तयार असलेले एक व्यापारी गृहस्थ सरळच म्हणाले, "गुरुजी, ज्यानं आमच्या लोकांची नाकं कापली त्याला मी रोज दुकान उघडताना हात जोडायचे का?" त्यावर एक आदिवासी तरुण उसळून उठला. राघोजी इंग्रजांशी लढले, नाकाबिकाच्या गोष्टी इंग्रजांनी बदनामीसाठी लिहून ठेवल्या, असे त्याचे म्हणणे. आणि मागच्या बाकावर बसलेला, आमच्याच बौद्धवाड्यातला माझा एक जुना विद्यार्थी बाहेर पडताना मला हळूच म्हणाला, "सर, ह्यात आपलं काय?"

या तीन प्रश्नांनी मला पुष्कळ दिवस झोप लागू दिली नाही. चळवळीत काम करणाऱ्या आपल्या वाचकांपुढे आज ना उद्या हेच प्रश्न येणार आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

राघोजी भांगरे हे अकोले तालुक्यातील देवगावचे, महादेव कोळी जमातीचे. जन्म ८ नोव्हेंबर १८०५. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने डोंगरी किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, कोळी नाईकांचे पिढीजात हक्क कापले, आणि १८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे व रामा किरवा यांनी बंड केले. रामजी हे राघोजींचे वडील. ते बंड मोडले. पण ज्या कारणांनी ते झाले ती कारणे मोडली नाहीत. १८४४ च्या सुमारास राघोजी आणि त्यांचे बंधू बापू यांच्या टोळ्या नगर, नाशिक, पुणे व ठाणे या मुलखाच्या डोंगररांगांत फिरू लागल्या. १८४५ मध्ये बापू पकडले गेले. राघोजी निसटले. १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात लेफ्टनंट गेल याने त्यांना पकडले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली. एकाच वर्षातील या दोन घटना आपण एका पानावर कधी मांडत नाही.

इतके चरित्र जयंतीच्या प्रत्येक भाषणात येते. जे येत नाही ते असे की, राघोजींच्या टोळीचा पहिला आणि सर्वांत ठळक शत्रू गोरा साहेब नव्हता. तो सावकार होता. आणि सावकाराशी वैर म्हणजे केवळ व्याजाशी वैर नव्हे, ते एका प्रकारच्या गुलामीशी वैर होते. ती गुलामी कशी चाले, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण साखळदंड दिसले नाहीत की आपल्याकडचे विद्वान गुलामी नव्हतीच असे म्हणायला मोकळे होतात.

कंपनीने सारा रोखीने मागायला सुरुवात केली. डोंगरातल्या माणसाकडे नागली, वरई, भात असे, रोकड नसे. सारा भरण्यासाठी तो सावकाराकडे गेला. पावसाळ्यात घरातले धान्य संपे, तेव्हा खावटीसाठी पुन्हा गेला. धान्य सवाईने किंवा दिढीने फेडायचे, म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण. मुलाचे लग्न निघाले की तिसऱ्यांदा गेला. प्रत्येक खेपेला कागद झाला, त्यावर अंगठा उठला. कागदात काय लिहिले ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. पूर्वीही सावकार होता. पण तेव्हा वसुलीसाठी त्याला गावाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे, म्हणून त्यालाही थोडे नमून असावे लागे. इंग्रजी अमलात दिवाणी कोर्ट आले, हुकूमनामा आला, जप्ती आली, ऋणकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद आली. आता गाव सावकाराच्या बाजूने असण्याची गरजच उरली नाही. सरकार त्याच्या बाजूने होते. जमीन गेली की माणसाजवळ गहाण ठेवायला उरते काय? त्याचे अंग. मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांत श्रम गहाण ठेवण्याच्या चालीची वेगळी नोंद आहे. लग्नासाठी घेतलेल्या रकमेपोटी माणूस वर्षानुवर्षे धनकोच्या घरी राबे, आणि बरेचदा त्याची बायकोही.

इथे एक तारीख मुद्दाम सांगतो. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने जाहीर केले की, हिंदुस्थानातील कोणतेही न्यायालय एका माणसाची दुसऱ्यावरील गुलाम म्हणून असलेली मालकी मान्य करणार नाही. लंडनमध्ये या कायद्याचे कौतुक झाले. पण तीच न्यायालये अंगठ्याच्या कागदावर हुकूमनामे देत राहिली. गुलाम हा शब्द कायद्यातून गेला आणि गुलाम वाड्यात राहिला. पुढल्याच वर्षी राघोजींच्या टोळ्या डोंगरात उतरल्या. कायदा वाचून त्या उतरल्या असे मी म्हणणार नाही. पण कायद्याने जे केले नाही ते त्या आपल्या पद्धतीने करू पाहत होत्या, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

ती पद्धत कोणती? आपल्या तरुण मित्राने इथे डोळे मिटू नयेत. सावकारांची नाके कापली गेली, कागद हिसकावले गेले, गावांकडून खंडणी घेतली गेली. पोलिसांच्या तुकडीवर हल्ला होऊन शिपाई ठार झाले, आणि ते शिपाई विलायतेहून आलेले नव्हते. पोटासाठी पगारावर राबणारी आपल्याच मुलखातील माणसे होती. हे सर्व इंग्रजांनी लिहिले हे खरे. म्हणून ते खोटे ठरत नाही. १८७३ ते १८७६ या काळात जुन्नरच्या बाजूला होन्या भागोजी केंगले यांच्या टोळीनेही सावकारांची नाके कापली. १८७५ मध्ये सुपे येथे दंगा उसळला आणि नगर जिल्ह्यापर्यंत पसरला, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली. नाक म्हणजे अब्रू. ज्याची अब्रू रोज चावडीवर उतरवली जाते त्याने सूड कुठे घ्यायचा हे ठरवले, त्यामागे अर्थ आहे. अर्थ आहे म्हणून कापलेले नाक परत येत नाही, हेही तितकेच खरे.

मग राघोजी दरोडेखोर ठरतात काय? हा शब्द कोणाला लावला जातो हे एकदा तपासून पाहू. वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये रामोशी साथीदार घेऊन धामारी येथे सावकारांची घरे लुटली. उद्देश बंडासाठी पैसा उभा करणे हा होता. त्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवले गेले, तिथेच १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या धैर्याविषयी मला शंका नाही. १९८४ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले, आणि पाठ्यपुस्तकात त्यांच्या लुटीला सशस्त्र क्रांती म्हणतात. पण त्या लुटीत जे रामोशी पुढे होते त्यांची नावे त्याच पाठ्यपुस्तकातून पाठ झालेला एक तरी विद्यार्थी मला दाखवा. कृती एकच; नाव मात्र करणाऱ्याच्या जातीप्रमाणे बदलते. आदिवासींचा तो दरोडा, ब्राह्मणाची ती क्रांती.

यावर उपाय म्हणून आपल्या मंडळींनी राघोजींनाही 'आद्य क्रांतिकारक' म्हणायला सुरुवात केली. (आद्य कोण यावर महाराष्ट्रात इतके दावे आहेत की त्यासाठी एक स्वतंत्र लवाद नेमावा लागेल!) या पदवीमागची वेदना मी जाणतो. परंतु पदवीची एक किंमत मोजावी लागते. इंग्रजांशी लढलेला देशभक्त एवढीच ओळख राहिली की, त्याच्या पुतळ्याला हार घालायला सावकारी करणाराही येऊ शकतो. सर्वांना चालेल असा राघोजी तयार होतो. 'दरोडेखोर' हा शब्द जे लपवतो, तेच 'देशभक्त' हा शब्दही लपवतो: या माणसाचे भांडण माणसाला गहाण ठेवणाऱ्या व्यवस्थेशी होते.

हा पेच केवळ आपला नाही. अमेरिकेत चार्ल्स्टन शहरात डेन्मार्क व्हेसी नावाचा सुतार होता. लॉटरीत मिळालेल्या पैशातून १७९९ मध्ये त्याने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. गुलामांच्या उठावाचा कट केला या आरोपावरून २ जुलै १८२२ रोजी त्याला फाशी दिले. एकूण ३५ जणांना दिले. त्याच शहरात, ज्याने गुलामी ही कल्याणकारी आहे असे प्रतिपादन केले त्या जॉन कॅल्हूनचा पुतळा उंच खांबावर दिमाखात उभा होता. व्हेसीचे स्मारक करा अशी मागणी झाली, तेव्हा तो गोऱ्यांची कत्तल करणार होता, त्याचा पुतळा कसा करता, असा आक्षेप निघाला. वाद जवळजवळ दोन दशके चालला. अखेर २०१४ मध्ये एका उद्यानात पुतळा उभा राहिला; व्हेसीच्या हातात सुताराच्या हत्यारांची पिशवी आणि बायबल आहे. २०२० मध्ये कॅल्हूनचा पुतळा खांबावरून उतरवला गेला. व्हेसीविषयीची जवळजवळ सारी माहिती ज्या न्यायालयाने त्याला फासावर चढवले त्याच्याच दप्तरातून येते, आणि तिच्यावर तिकडचे इतिहासकार अजून भांडतात. आपली स्थिती वेगळी नाही.

चार्ल्स्टनला जायचे कारण नाही. आमच्या तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण आहे. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि धरणाला विल्सनचे, जलाशयाला आर्थरचे नाव पडले. वरच्या आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खालच्या उसाला गेले. विल्सन वादग्रस्त आहेत काय, त्यांचे नाव कसे देता, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. जलाशयाला राघोजींचे नाव द्या ही मागणी झाली, तेव्हा मात्र चारित्र्याची चौकशी सुरू झाली.

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. ह्यात आपलं काय? तो प्रश्न मी उडवून लावत नाही. आदिवासींचा सत्कार होतो तेव्हा आपल्या माणसाला खुर्च्या मांडायला बोलावतात, हा त्याचा अनुभव आहे. त्याला मी माझ्या आजोबांविषयी सांगितले. ते कचेरीचा सांगावा घेऊन अकोल्याहून राजूरला पायी जात. ऊन असो, पाऊस असो, नाही म्हणण्याची सोय नव्हती. कारण महारकी वतन होते. कोळी सावकाराच्या वहीत बांधला गेला, महार साऱ्या गावाच्या आणि सरकारच्या वेठीला बांधला गेला. एकाला कर्जाचा कागद होता, दुसऱ्याला १८७४ चा वतन कायदा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते यासाठीच. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द व्हायला १९५८ उजाडले. जोतीरावांनी १८७३ मध्ये आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' हे नाव दिले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हे सारे बांधलेले लोक होते.

दुसरे असे. कोरेगावचा स्तंभ आपण मानतो. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले. ते सैनिक कंपनीच्या बाजूने लढले, असे आपल्याला हिणवले जाते. पण १८५७ च्या धामधुमीत कॅप्टन नट्टलने कोळ्यांचीही पलटण उभारली, ती १८६१ पर्यंत होती. राघोजींना फाशी देऊन दहा वर्षेही झाली नव्हती. ज्याला जो दरवाजा उघडा दिसला त्यातून तो बाहेर पडला. इंग्रजांच्या बाजूने की विरुद्ध, या एकाच गजाने आपली माणसे मोजायला लागलो तर आपण एकमेकांनाच मोजत बसू.

आणि व्यापारी गृहस्थांचा प्रश्न? त्यांना मी एवढेच म्हणालो की, सावकारी ही जात नव्हे. ब्राह्मणाने केली, मारवाड्याने केली, गुजराने केली, पाटलानेही केली. तुमच्या खापरपणजोबांचे नाक तुमच्या तोंडावर नाही आणि त्यांची वहीही तुमच्या गल्ल्यात नाही. पण ती वही कोणाच्याच गल्ल्यात नाही असे मात्र नाही. कळसूबाईच्या पलीकडे, इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. त्यातली एक लहान मुलगी मेली, तेव्हा ते उघड झाले. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा आहे.

मी समितीला मजकूर लिहून दिला तो असा: 'राघोजी भांगरे, देवगाव. कर्जापायी माणसे राबवणाऱ्या सावकारीविरुद्ध व तिला पाठीशी घालणाऱ्या कंपनी सरकारविरुद्ध हत्यार उचलले. त्यांच्या टोळीने सावकारांची नाके कापली, पोलीस शिपाई मारले. ठाणे येथे २ मे १८४८ रोजी फाशी.' वर 'आद्य क्रांतिकारक' घालायचे असेल तर घाला, माझी ना नाही.

पाथरवट अक्षरामागे पैसे घेतो. मजकूर लांबला, मधली दोन वाक्ये गाळा, असे समितीतील काहींचे म्हणणे आहे. आदिवासी तरुणाला नाकाचे वाक्य नको आहे, आणखी दोघांना सावकारीचे. परवा व्यापारी गृहस्थ बाजारात भेटले. म्हणाले, "गुरुजी, नाकाचं ठेवणार असाल तर सावकारीचंही ठेवा. नुसतं नाक राहिलं तर पोरं विचारतील, कापलं कशाला?" जादा अक्षरांचे पैसे ते देणार आहेत. पुढची बैठक ८ नोव्हेंबरच्या आत व्हायची आहे.