एक खुर्ची, तीन गव्हर्नर

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जानेवारी 1947 मध्ये एकाच वेळी तीन माणसं आपणच गव्हर्नर असल्याचं सांगत होती. एकाने रात्रीत गव्हर्नरच्या कचेरीची कुलपं बदलली होती, दुसरा विधिमंडळाच्या इमारतीतल्या चौकशीच्या खिडकीवर बसून कारभार बघत होता आणि तिसरा आपल्याला कायद्याने बढती मिळाल्याचं सांगत कोर्टात गेला होता. फोडाफोडी, रिसॉर्टवाऱ्या आणि पहाटेचे शपथविधी पाहिलेल्या मराठी वाचकाला याचं फार आश्चर्य वाटू नये. पण हा गोंधळ काही एका रात्रीत उपटलेला नव्हता. मागच्या शंभर वर्षांत निवडणुकीचे जे नियम रचले गेले, त्यांतूनच तो उगवला.

आधी एक खुलासा. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. अधिकारांच्या हिशेबाने तो मुख्यमंत्री, पण आमदारांनी निवडलेला नव्हे, सगळ्या राज्याने थेट मत देऊन बसवलेला. शिवाय जॉर्जियात लेफ्टनंट गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट, अॅटर्नी जनरल, इतकंच काय, शेतीखात्याचा कमिशनरदेखील राज्यभरातून स्वतंत्रपणे निवडून येतो. एकाच सरकारात चार जण चार दिशांना तोंड करून बसलेले असू शकतात, आणि बसलेही आहेत.

सुरुवातीला मात्र थेट निवडणूक नव्हतीच. इंग्रजांच्या राजाशी नुकतंच फाटलेलं असल्याने 1777 च्या पहिल्या राज्यघटनेत गव्हर्नरवर कुणाचाच भरवसा दिसत नाही. त्याला विधिमंडळाने निवडायचं, तेही एका वर्षासाठी, आणि तीन वर्षांत एकदाच. लोकांनी थेट मत देऊन पहिला गव्हर्नर निवडला तो 1825 मध्ये. जॉर्ज ट्रूप आणि जॉन क्लार्क यांच्या गटांत तेव्हा पिढीजात वैर होतं. ट्रूप जिंकले, अवघ्या 683 मतांनी. मतदार अर्थातच गोरे पुरुष. शेतात कापूस वेचणारे गुलाम मोजले जात ते मालमत्तेत.

यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, आणि 1868 मध्ये लष्कराच्या देखरेखीखाली काळ्या पुरुषांनी प्रथमच गव्हर्नरच्या निवडणुकीत मतदान केलं. रिपब्लिकन पक्षाचे रूफस बुलक सुमारे सात हजार मतांनी गव्हर्नर झाले. काळे आमदारही निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरात गोऱ्या आमदारांनी त्यांना सभागृहातून काढून टाकलं. युक्तिवाद असा की, यांना मत द्यायचा हक्क मिळाला आहे, पद भूषवायचा कुठे मिळालाय? वॉशिंग्टनने कान धरल्यावर त्यांना परत घ्यावं लागलं, पण 1871 मध्ये महाभियोगाच्या धास्तीने बुलक राज्य सोडून पळाले. इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी मिळवलेलं बरंचसं जॉर्जियात तोवर हातचं गेलं होतं.

पुढची पन्नास वर्षं थोडक्यात आटोपता येतात, कारण त्यांची दिशा एकच आहे. 1877 च्या राज्यघटनेत मतदानासाठी डोईपट्टी, तीही मागची सगळी थकबाकी चुकती केल्याशिवाय मत नाही. मग डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, फक्त गोऱ्यांसाठी. राज्यात दुसरा पक्ष नावालाच उरला असल्याने प्रायमरी जिंकणारा गव्हर्नर होणार हे ठरलेलंच. नोव्हेंबरातलं मतदान म्हणजे साखरपुड्यानंतर पत्रिका जुळवण्यासारखं. 1906 च्या प्रायमरीत होक स्मिथ आणि क्लार्क हॉवेल हे अटलांटातल्या वृत्तपत्रांशी संबंधित दोन पुढारी समोरासमोर आले आणि काळ्यांचा मताधिकार कोण जास्त पक्का काढून घेईल याची त्यांच्यात चढाओढ लागली. स्मिथ जिंकले. सप्टेंबरात अटलांटात गोऱ्यांच्या जमावाने किमान 25 काळ्या माणसांचा जीव घेतला. 1908 मध्ये साक्षरतेच्या आणि मालमत्तेच्या अटी घटनेतच आल्या.

इथवरची कथा दक्षिणेतल्या कुठल्याही राज्याची म्हणून खपेल. जॉर्जियाची खास करामत 1917 च्या नील कायद्यात आहे. या कायद्याने गोऱ्यांचंही मत गोऱ्यांच्या मताबरोबरीचं ठेवलं नाही.

आपल्या राज्याच्या जेमतेम निम्म्या आकाराच्या जॉर्जियात 159 काउंट्या आहेत. आपले जिल्हे 36. प्रायमरीत एकूण मतं मोजायचीच नाहीत, असं या कायद्याने ठरवलं. प्रत्येक काउंटीला ‘युनिट’ वाटून दिले: सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा, पुढच्या तीसला प्रत्येकी चार, उरलेल्या 121 काउंट्यांना प्रत्येकी दोन. काउंटीत ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याच्या खात्यात तिथले सगळे युनिट. एकूण युनिट 410, गव्हर्नर व्हायला हवेत 206. अटलांटा ज्या फुल्टन काउंटीत येतं तिची लोकसंख्या 1960 मध्ये 5,56,326 होती. एकोल्स, क्विटमन आणि ग्लॅसकॉक या तीन चिमुकल्या काउंट्यांत मिळून राहत होते 6,980 लोक. युनिट दोन्हीकडे सहा.

मग शहरात जाऊन भाषणं ठोकायची गरजच काय? छोट्या काउंटीतला शेरीफ, कापसाच्या जिनचा मालक आणि कोर्टातला कारकून एवढी मंडळी हाताशी असली की दोन युनिट खिशात. मतं विकत घेण्यापेक्षा माणसं सांभाळणं स्वस्त पडे. आपल्याकडच्या सहकारातल्या निवडणुका जवळून पाहिलेल्यांना हे गणित समजावून सांगावं लागणार नाही.

या गणिताचा उस्ताद यूजीन टॅलमेज. शिक्षणाने वकील, पण टेलफेअर काउंटीतला शेतकरी म्हणून मिरवणारा, आणि लाल गॅलस म्हणजे पाटलोणीचे खांद्यावरचे पट्टे ही त्याची खूण. ज्या काउंटीत ट्राम धावते तिथल्या मतांची मला गरज नाही, अशा अर्थाचं तो उघड बोलायचा. 1926 मध्ये शेतीखात्याचा कमिशनर म्हणून निवडून आला. 1932, 1934 आणि 1940 मध्ये गव्हर्नर झाला. वंशभेदाच्या विरोधात असल्याच्या संशयावरून 1941 मध्ये त्याने राज्य विद्यापीठातल्या एका डीनला घालवलं, तेव्हा विद्यापीठांची मान्यताच गेली. पोराच्या पदवीला किंमत उरणार नाही म्हटल्यावर खेड्यातला बापही बिथरला आणि 1942 मध्ये तरुण एलिस आर्नल यांनी टॅलमेजला पाडलं. आर्नल यांनी 1943 मध्ये मतदानाचं वय 18 वर आणलं, देशात सर्वांत आधी. 1945 मध्ये डोईपट्टी रद्द केली.

कोर्टातही भिंतीला तडे जात होते. कोलंबस शहरातले न्हावी आणि धर्मोपदेशक प्रायमस किंग 4 जुलै 1944 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, प्रायमरीत मत द्यायला गेले. त्यांना बाहेर काढण्यात आलं. त्यांनी दावा लावला, जिंकला, आणि अपिलातही तो टिकला. 1946 च्या प्रायमरीसाठी एक लाखाहून जास्त काळ्या मतदारांची नावं नोंदली गेली. टॅलमेजने प्रचारात दुसरा मुद्दाच ठेवला नाही. त्याच्या माणसांनी काउंटीगणिक हरकती घेऊन हजारो नावं यादीतून उडवली. जुलैत निकाल लागला. जेम्स कार्मायकल यांना 3,13,389 मतं, टॅलमेजला 2,97,245. युनिट मात्र कार्मायकल यांना 146 आणि टॅलमेजला 242. सोळा हजार मतांनी मागे असलेला माणूस चक्क दणदणीत जिंकला.

नोव्हेंबरात तो बिनविरोध निवडून आला आणि शपथेआधीच, 21 डिसेंबरला, वारला.

पण त्याची माणसं काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हातारा टिकत नाही, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. बहुमत मिळालेला उमेदवार नसेल तर सर्वाधिक मतं मिळालेल्या हयात दोघांपैकी एकाला विधिमंडळाने निवडावं, असं कलम त्यांना घटनेत सापडलं होतं. म्हणून नोव्हेंबरात काही शे लोकांनी मतपत्रिकेवर मुलाचं, हर्मन टॅलमेजचं, नाव हाताने लिहून ठेवलं. जानेवारीत विधिमंडळासमोर मोजणी झाली तर हर्मन पहिल्या दोघांतच नाही! धावपळ उडाली आणि टेलफेअर काउंटीतून, म्हणजे टॅलमेजांच्या घरच्याच काउंटीतून, न मोजलेली 58 मतं ‘सापडली’. हर्मन 675, कार्मायकल 669. मध्यरात्र उलटून गेल्यावर विधिमंडळाने हर्मनला गव्हर्नर केलं. पुढे ‘अटलांटा जर्नल’चे बातमीदार जॉर्ज गुडविन यांनी टेलफेअरच्या याद्या तपासल्या. त्यांत लोकांनी एकामागोमाग एक चक्क वर्णानुक्रमाने येऊन मतं दिलेली, आणि त्यांतले काही त्याआधीच वर पोचलेले. या बातमीला 1948 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

मावळते गव्हर्नर आर्नल यांनी खुर्ची सोडायला नकार दिला. हर्मनच्या लोकांनी दारं फोडली, कुलपं बदलली, राज्याचे पोलिसही आपल्या बाजूला वळवले. आर्नल खालच्या चौकात चौकशीच्या खिडकीवर जाऊन बसले. तिथे त्यांच्याजवळ कुणीतरी फटाका फोडला, तेव्हा ते आपल्या वकिलीच्या कचेरीत गेले. पहिलेच लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आलेले मेल्विन थॉम्पसन 18 जानेवारीला शपथ घेते झाले आणि आर्नल यांनी त्यांच्यासाठी राजीनामा दिला.

या धामधुमीत माझ्या मते सर्वांत थंड डोक्याचा माणूस होता सेक्रेटरी ऑफ स्टेट बेन फोर्टसन. राज्याचा शिक्का त्यांच्या ताब्यात. शिक्क्याशिवाय सरकारी कागद कुचकामी. अपघातामुळे ते चाकाच्या खुर्चीत असत. कोर्ट निकाल देईपर्यंत शिक्का कुणालाच मिळणार नाही असं त्यांनी ठरवलं आणि तो खुर्चीच्या गादीखाली ठेवून त्यावर बसून राहिले. लोक येऊन त्यांच्याशी तावातावाने बोलत आणि शिक्का शोधत निघून जात.

19 मार्चला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी थॉम्पसन यांचा दावा मान्य केला. सुमारे दोन महिन्यांचे गव्हर्नर हर्मन दोन तासांत बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षीच्या विशेष निवडणुकीत रीतसर निवडून परत आले. मतदारांनी चोरी पाहिली, पेपरात वाचली, आणि तरी त्यालाच मत दिलं. या गोष्टीचा हा भाग मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो.

योगायोग असा की, त्याच 1947 च्या जुलैत दिल्लीत आपल्या घटना समितीने प्रांतांचे गव्हर्नर प्रौढ मतदानाने थेट निवडण्याचं तत्त्व मान्य केलं होतं. 1949 च्या मे महिन्यात ते रद्द झालं. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि विधानसभेचा विश्वास असलेला मुख्यमंत्री अशा एका म्यानात दोन तलवारी नकोत, हा त्यामागचा मोठा विचार होता. मग राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल आला. त्याने तंटे मिटले का, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

युनिटची पद्धत मोडली ती कोर्टात. फुल्टन काउंटीतल्या जेम्स सँडर्स नावाच्या मतदाराने दावा लावला. एप्रिल 1962 मध्ये संघीय न्यायालयाने तेव्हाची युनिट पद्धत बेकायदा ठरवली, आणि त्या वर्षीची प्रायमरी सरळ मतमोजणीने झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात देशाचे अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी स्वतः युक्तिवादाला उभे राहिले. 18 मार्च 1963 रोजी ‘ग्रे विरुद्ध सँडर्स’ खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहिलेला आठ विरुद्ध एक असा निकाल आला. एका माणसाला एक मत हे सूत्र देशभर पसरलं ते इथून. 1962 च्या प्रायमरीत जुन्या पद्धतीत मुरलेले मार्व्हिन ग्रिफिन कार्ल सँडर्सकडून हरले. माझं बार्बेक्यू खाल्लेल्या सगळ्यांनीच मला मत दिलेलं दिसत नाही, अशा आशयाची त्यांची कबुली प्रसिद्ध आहे. आपल्याकडे मटणाच्या पंगती घालून पडलेल्यांनी हे कधी इतक्या मोकळेपणाने सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्याच साली क्विटमन काउंटीत राज्य सिनेटच्या एका उमेदवाराला मतपेटीत घोळ आढळला, पुन्हा तीच वर्णानुक्रमाची रांग. तो उमेदवार कोर्टात भांडून जिंकला. त्याचं नाव जिमी कार्टर.

नियम बदलले तरी विधिमंडळाला गव्हर्नर निवडू देणारं 1945 च्या घटनेतलं ते कलम तसंच पडून होतं. 1966 मध्ये ते पुन्हा उपयोगी आलं. रिपब्लिकन बो कॅलवे यांना मतं जास्त, सुमारे तीन हजारांनी; पण आर्नल यांचं नाव हाताने लिहिणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक लोकांमुळे बहुमत कुणालाच नाही. दुसरे उमेदवार लेस्टर मॅडॉक्स. आपल्या खानावळीत काळ्यांना येऊ न देण्यासाठी कुऱ्हाडीचे दांडे वाटून नाव कमावलेले. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विधिमंडळाला निवडीची मुभा दिली, आणि डेमोक्रॅट विधिमंडळाने 182 विरुद्ध 66 मतांनी मॅडॉक्सना गादीवर बसवलं. 1968 मध्ये ते कलम बदललं. बहुमत नसेल तर आता पहिल्या दोघांत फेरनिवडणूक.

1970 मध्ये कार्टर गव्हर्नर झाले. 1976 मध्ये गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायची परवानगी मिळाली. 2002 मध्ये सनी पर्ड्यू निवडून आले आणि बुलकनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी रिपब्लिकन पक्षाने जॉर्जियाचं गव्हर्नरपद जिंकलं. राज्याच्या झेंड्यावरचं यादवीतल्या दक्षिणेचं चिन्ह आधीच्या गव्हर्नरने 2001 मध्ये आक्रसून टाकलं होतं. त्याचा राग त्या निकालात मोठा होता.

2018 मध्ये वाद मतांच्या वजनाचा नव्हता, यादीचा होता. रिपब्लिकन उमेदवार ब्रायन केम्प हे त्या वेळी सेक्रेटरी ऑफ स्टेट होते, म्हणजे राज्यातल्या निवडणुकांवर त्यांचीच देखरेख. समोर स्टेसी एब्रॅम्स. निवडून आल्या असत्या तर अमेरिकेच्या इतिहासातल्या पहिल्या काळ्या महिला गव्हर्नर. नावातल्या अक्षराअक्षराचा मेळ बसत नसल्याच्या कारणावरून सुमारे 53 हजार नोंदणी अर्ज अडकून पडले होते, आणि त्यांतले बहुतेक काळ्या अर्जदारांचे. केम्प सुमारे 55 हजार मतांनी जिंकले. एब्रॅम्स यांच्या संस्थेने लावलेला दावा 2022 मध्ये कोर्टाने फेटाळला. कायद्याने त्या हरल्या. पण स्वतः मैदानात उतरलेल्या माणसाने पंचाची शिट्टीही गळ्यात ठेवावी, याचं समर्थन मला कुठल्याही कायद्यात सापडत नाही.

पुढे ती शिट्टी नवे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांच्याकडे आली. 2 जानेवारी 2021 रोजी जॉर्जियात हरलेले मावळते राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनी त्यांना फोन करून 11,780 मतं शोधून हवीत असं सांगितलं. राज्यभरातल्या मतपत्रिकांची हाताने फेरमोजणी झालेलीच होती. रॅफेन्सपर्गर यांनी नकार दिला. तीन महिन्यांच्या आत विधिमंडळाने नवा निवडणूक कायदा केला, केम्प यांनी त्यावर सही केली, आणि राज्य निवडणूक मंडळाचं अध्यक्षपद सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून काढून घेतलं गेलं. त्याला मंडळात मतही उरलं नाही. कायद्याप्रमाणे अध्यक्ष आता विधिमंडळाने निवडायचा. 2022 मध्ये रॅफेन्सपर्गर त्याच पदावर लोकांच्या मतांनी पुन्हा निवडून आले. मंडळाच्या अध्यक्षाची खुर्ची मात्र त्यांना परत मिळाली नाही.