कुरळे केस, गुंता आणि जट

परवा गटाच्या बैठकीत एक आजी नातीच्या कुरळ्या केसांतला गुंता दाखवून म्हणाल्या, "देवीची जट आलीय, फणी लावायची नाही." म्हणून आज हेच बोलू.

डोक्याच्या कातडीतलं तेल सरळ केसांवरून सहज खाली उतरतं, कुरळ्या केसांच्या वळणांत अडतं. टोकं कोरडी राहतात, एकमेकांत अडकतात. गुंता तसाच ठेवला की त्यात मळ बसून जट होते. तो देवीचा कोप नव्हे.

कुरळे केस कोरडे विंचरू नका. ओल्या केसांना थोडं खोबरेल लावा, बोटांनी गुंता सोडवा. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकं विंचरा, मग हळूहळू मुळाकडे जा. रात्री सैल वेणी घाला.

जट झालीच असेल, तर न भिता कात्रीने कापा. केस पुन्हा येतात, मैत्रिणींनो. पोरीचं बालपण येत नाही.