गलाईवाल्याचा गळ

विट्याच्या माणसानं माशांवर लिहावं, याचं आमच्याच गावात हसू होईल. खानापूर तालुका पावसाच्या पडछायेतला. येरळा खटाव तालुक्यात उगम पावते, ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. मधे आमच्या वाट्याला यायची ती बहुतेक वाळूच. ती वाळूही फुकट गेली नाही म्हणा. बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं थोडी वाळू विकून त्या पैशात बळीराजा धरण उभं केलं. पण तो विषय वेगळा. सांगायचं एवढंच की, पाणी नाही म्हणून इथली माणसं सोन्याचांदीच्या गलाईला देशभर पांगली आणि मासे पकडायची विद्या आमच्या घरात आली ती त्या गलाईतूनच.

आमचे काका केरळात गलाईला होते. दसऱ्याला, पालख्यांच्या शर्यतीला, ते हटकून गावी यायचे. ट्रंकेत आमच्यासाठी केळ्याचे वेफर्स आणि स्वतःसाठी गळांच्या पुड्या, तंगुसाची गुंडी. समुद्राकाठच्या बाजारात त्यांनी शिशाच्या डोक्याचे गळ पाहिले होते. गळाच्या डोळ्याशी शिशाचा मणी ओतलेला, मागं पिसांचा झुबका. आमिष लावायचं नाही. पाण्यात सोडायचा आणि झटके देत नाचवायचा. पळत्या माशाच्या मागं लागणारा मासा फसतो. याला इंग्रजीत जिग म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरी त्याचं नाव ‘नाच्या’.

काका हे घरीच बनवत. विटेच्या दोन तुकड्यांत साचा कोरायचा, जुन्या पळीत शिसं वितळवायचं, ओतायचं. सोनं वितळायला १०६४ अंश लागतात, चांदीला ९६२. शिसं बिचारं ३२७ अंशांतच पाणी होतं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या स्टोव्हवरसुद्धा. जन्मभर मुशीपुढं बसलेल्या माणसाला हा पोरखेळ. आई पळीसाठी ओरडायची, आम्ही पोरं भोवती कोंडाळं करून बसायचो. मागच्या झुबक्याला यंत्रमागावरचं रंगीत सूत आणि शेजारच्या कोंबड्याचं पीस. सगळा माल गावातला. मग एस.टी.नं कृष्णाकाठी भिलवडीला जायचं. तंगुसाला लावायच्या शिशाच्या बारीक गोळ्या आम्ही दातांनी दाबून बसवायचो. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

गळ टाकून मासे धरणं हा आपल्या मुलखात काही साहेबांनी आणलेला शौक नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. सुमारे ३५ जातींचे मासे, त्यांना आवडणारी आमिषं, दोरी, काठी, सगळं तपशीलवार. इंग्रजांचा गाजलेला आयझॅक वॉल्टन याच विषयावर लिहायला १६५३ साली बसला. आपला राजा त्याच्या पाचशे वर्षं आधी.

आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी चढवून आमच्या भागात आणलं आणि पाण्याबरोबर गळवालेही वाढले. दसऱ्याला आलेली पोरं भारी काठ्या, चकचकीत रीळ घेऊन तळ्यावर उभी राहतात आणि रिकाम्या हातानं परततात. कारण साधं आहे. सामान माशाकडे बघून घ्यायचं असतं, दुकानाच्या काचेकडे बघून नव्हे. कटला पृष्ठभागाजवळचं सूक्ष्म खाद्य खातो, रोहू मधल्या पाण्यात असतो, मृगळ तळाशी. यांच्यापुढं नाच्या कितीही नाचवा, ते बहुधा ढुंकून बघणार नाहीत. त्यांना कणकेचा, पेंडीचा गोळाच हवा. नाच्यामागं धावते ती मरळ. ती श्वास घ्यायला वर येते, तिथं पाणी हलतं. त्याच्या थोडं पलीकडं गळ टाकून जवळून ओढायचा. आणि चिलापी. ही १९५२ साली आपल्या देशात आणलेली परकी मासळी आता कुठल्याही डबक्यात भेटते, आणि नवशिक्याला तिच्याइतकी दयाळू गुरू नाही.

चिलापीसाठी १० किंवा १२ नंबरचा गळ पुरे. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे दुकानात गोंधळ उडू नये म्हणून लक्षात ठेवावं. मरळीसाठी मात्र मोठा, जाड तारेचा. तंगूस चिलापीला पाव मिलिमीटरचा, मरळीला ०.४० च्या पुढचा, कारण ती शेवाळात घुसते. काठी सहा-सात फुटांची, साधी. रीळ स्वस्त चालेल. तंगूस आणि गळ मात्र स्वस्तातले घेऊ नयेत. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीनं ओली करावी, कोरडी आवळली तर तंगूस तिथंच कमजोर होतो.

गेल्या दसऱ्याला काकांचा नातू तो जुना विटेचा साचा घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘आजोबांचा हात कापतो, तुम्ही ओतायला शिकवा.’’ मी नाही म्हणालो. पोरगं हिरमुसलं, आणि काकांना ते कळल्यावर ते माझ्यावर उखडले. ‘‘आरं, जल्म गेला मुशीपुढं. मला शिसं शिकवतोस व्हय?’’

शिकवायचं काय, हा प्रश्नच होता. शिसं अंगात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत मोठा अपाय होतो. अमुक एवढं चालतं अशी सुरक्षित मात्रा नाही. साचा जरा ओला असला तरी तापलेलं शिसं वाफेनं उडून तोंडावर येतं. इंग्लंडात हंस ह्या गोळ्या दाण्याबरोबर गिळून मरत, म्हणून १९८७ साली तिथं गळाच्या लहान शिसेवजनांवर बंदी आली. आपल्याकडे मायणीचा पक्ष्यांचा तलाव हाकेच्या अंतरावर आहे. हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाठ फिरवून झोपले. आमचं बालपण ज्या पळीभोवती गेलं, ती मी एका वाक्यात विषारी ठरवली होती. मला रात्री झोप लागली नाही.

सकाळी काका ओसरीवर बसले होते. पुढ्यात काकूच्या जुन्या पैंजणांतली पितळी घुंगरं. एक घुंगरू त्यांनी लांब दांडीच्या गळाच्या पाठीवर, टोकाच्या विरुद्ध बाजूला, मागाच्या सुतानं करकचून बांधलं. वजन पाठीवर आलं की गळ पाण्यात उलटा होतो, टोक वर राहतं आणि तळातल्या काटक्यांत अडकत नाही. त्यावर पिसाचे चार केस, दांडीच्या दीडपट लांब. शेवटी नखाला लावायच्या रंगाचा हात, सूत सुटू नये म्हणून. हात कापत होता, तरी बांधणी सुबक. नातवाला म्हणाले, ‘‘ह्यो वाजतोय बी.’’

तळं मच्छीमार सोसायटीनं ठेक्यानं घेतलेलं. तिथल्या माणसाला विचारून, काय असेल ते देऊन मगच आम्ही बसलो. हे बरेचजण विसरतात आणि मग भांडणं होतात. गळ मागं झेपावताना पोराच्या डोळ्याला लागू नये म्हणून काकांनी त्याला डाव्या हाताला, चार पावलं लांब उभं केलं. तुटलेल्या तंगुसाचे तुकडे खिशात ठेवायला लावले, जनावरांच्या पायांत आणि पक्ष्यांच्या पंखांत ते गुंततात.

दहाच्या सुमाराला वीतभर चिलापी लागली. काकांनी ती तळहातावर घेतली, डोळे मिटले, सोनं तोलावं तशी तोलली आणि म्हणाले, ‘‘दीडशे गिराम.’’ घरी काट्यावर ती १४४ भरली. नातू हसला. काका म्हणाले, ‘‘वाटंत पाणी निथळलं की.’’