फलकावरील ‘सह’ : ज्येष्ठ तमाशा फडांचे दीर्घायुष्य आणि रसिक

प्रस्तावना

नांदेडहून लातूरकडे जाताना लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला येथे खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवे व बैल यांचा बाजार, कुस्त्यांची दंगल, पशुप्रदर्शन आणि जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव यांमुळे ही यात्रा मराठवाड्याबाहेरही सर्वश्रुत आहे. प्रस्तुत लेखक या यात्रेत प्रथम गेला तो वडिलांच्या खांद्यावर बसून; तमाशाच्या कनातीत प्रथम शिरला तो मात्र वडिलांना न सांगता. त्या गोष्टीला आता पन्नासच्या आसपास वर्षे झाली.

तमाशाचा इतिहास सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. ते कार्य अनेक अभ्यासकांनी केलेले आहे. एखादा फड तीस-चाळीस वर्षे पाहत आलेला रसिक ‘हा तोच फड आहे’ असे कशाच्या आधारे म्हणतो आणि त्याच्या या म्हणण्याची किंमत कोण देतो, एवढ्या एकाच प्रश्नापुरती ही चर्चा मर्यादित आहे. विषय रसिकाच्या अनुभवाचा असल्यामुळे पुढील विवेचन प्रथमपुरुषी केले आहे.

हा प्रश्न मला सुचला तो घरात. माझी कन्या कोरियातील ‘सुपर ज्युनियर’ या गायकगटाची जुनी चाहती आहे. हा गट 2005 साली रंगमंचावर आला. त्यातील ज्येष्ठ गायकांनी आता चाळिशी ओलांडली आहे. “एवढ्या वयाची माणसे अजून नाचतात, आणि तू अजून पाहतेस?” असे मी एकदा थट्टेने म्हणालो. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही माळेगावला काय पाहायला जाता?” मला उत्तर देता आले नाही. नंतर विचार करताना लक्षात आले की तिची आणि माझी आवड वरवर कितीही दूरची वाटली, तरी दोघांचीही निष्ठा एका व्यक्तीवर नसून एका नावावर आहे.

फडाचे नाव आणि ‘सह’

तमाशाचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. संगीतबारीत गायन, नृत्य व अदाकारी यांना प्राधान्य असते. ढोलकीफडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असा क्रम असतो. ‘मोहना बटाव’ हा 1865 सालचा वग पहिला वग मानला जातो. येथे ज्या फडांचा विचार केला आहे ते ढोलकीफडाचे, तंबू घेऊन फिरणारे मोठे फड होत. अशा फडात शंभराहून अधिक माणसे असू शकतात. नर्तकी, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला आणि झिलकरी प्रेक्षकांना दिसतात. स्वयंपाकी, वाहनचालक, तंबू ठोकणारे कामगार आणि तिकीट फाडणारा माणूस दिसत नाहीत.

फडाच्या फलकावर एक शब्द हमखास आढळतो, तो म्हणजे ‘सह’. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’, ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार’ ही त्याची परिचित उदाहरणे. व्याकरणदृष्ट्या हे साधे शब्दयोगी अव्यय आहे. फडाच्या व्यवहारात मात्र ते वारसापत्राचे काम करते. पहिल्या उदाहरणात आई आणि मुलगा आहेत, दुसऱ्यातही आई आणि मुलगाच आहेत. एका पिढीची कीर्ती दुसऱ्या पिढीच्या हाती सोपविताना प्रेक्षकाला धक्का बसू नये, यासाठी दोन्ही नावे काही वर्षे शेजारी ठेवली जातात. प्रेक्षक जुन्या नावासाठी तिकीट काढतो आणि नव्या नावाची सवय करून घेतो. पुढे जुने नाव ज्याचे, ती व्यक्ती मंचावर येईनाशी झाली तरी फलकावरील नाव पुसले जात नाही.

विठाबाई नारायणगावकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या ज्या फडात वाढल्या तो त्यांचे वडील व चुलते यांच्या नावाने, म्हणजे ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ म्हणून ओळखला जाई. विठाबाईंनी स्वतःच्या नावाला वडिलांचे नाव जोडूनच लौकिक मिळविला, आणि त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे आपला स्वतंत्र फड उभा केला. म्हणजे नाव एका घराण्यात राहिले, पण फड एक राहिला नाही. रसिक मात्र याला फूट म्हणत नाही. घर वाढले असे म्हणतो.

सर्वच नावे अशी सोपविता येत नाहीत. कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ होते. त्यांची खरी नावे लहू आणि अंकुश खाडे. ‘जहरी प्याला’ या वगाने त्यांना घराघरांत नेले. दोन सारख्या चेहऱ्यांमुळे होणारा घोटाळा हा त्यांच्या विनोदाचा प्राण होता, आणि जुळेपण वारशाने देता येत नाही. याउलट ‘गाढवाचं लग्न’ मधील सावळ्या कुंभार ही दादू इंदुरीकरांनी गाजविलेली भूमिका पुढे इतरांनी केली आणि चित्रपटातही आली. येथे फडाचे नाव मागे राहिले आणि सोंगाचे नाव पुढे गेले.

पठ्ठे बापूराव (1866–1945) यांचे उदाहरण आणखी वेगळे. रेठरे हरणाक्ष येथील कुलकर्णी घराण्यातील या शाहिराने फड उभारला. त्याला वैभव आले ते पवळेच्या साथीने. दोघांची ताटातूट झाली तेव्हा कवी तोच होता, लेखणी तीच होती, तरी वैभव टिकले नाही. त्या काळी ‘सह’ या शब्दाच्या पलीकडे उभी असलेली व्यक्ती किती मोलाची होती हे यावरून कळते.

नावाची मालकी : कोरियातील अनुभव

नाव कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडे घरातल्या घरात किंवा फार तर भाऊबंदकीत सुटतो. कोरियात तो कायद्याने सोडवावा लागला, म्हणून तेथील उदाहरण उपयुक्त ठरते. तेथे कंपनी होतकरू मुलांना निवडते, प्रशिक्षण देते, गट बांधते आणि गटाला नाव देते. साहजिकच नाव कंपनीचे असते. 1998 साली पुढे आलेल्या ‘शिनह्वा’ या सहा जणांच्या गटाने आपली मूळ कंपनी सोडली आणि तरीही गट मोडू दिला नाही. परंतु स्वतःच्याच नावावरचा पूर्ण हक्क त्यांना 2015 साली मिळाला. ‘एच.ओ.टी.’ हा गट 1996 साली आला, 2001 साली विखुरला आणि 2018 साली पुन्हा एकत्र येऊन त्याने मोठा कार्यक्रम केला. नावाच्या हक्काचा वाद असल्यामुळे त्या कार्यक्रमाच्या शीर्षकात परिचित तीन अक्षरांऐवजी त्यांचा पूर्ण विस्तार लिहिला गेला. स्वतःच्या घराला दुसऱ्याचे कुलूप असावे, तसा हा प्रकार.

गायक व कंपनी यांच्यातील करार सात वर्षांपेक्षा लांबू नये, असा नमुना करार तेथील व्यापारविषयक आयोगाने 2009 साली ठरवून दिला. त्यामुळे सातवे वर्ष हे तेथील चाहत्यांच्या चिंतेचे वर्ष असते. पुरुष गायकांना सक्तीची लष्करी सेवाही करावी लागते. ‘सुपर ज्युनियर’ ने या काळात उरलेल्या सदस्यांवर काम चालविले आणि गेलेला सदस्य परतण्याची चाहत्यांनी वाट पाहिली. त्याच्या जागी दुसरा कोणी आणून बसविला असता तर त्यांना ते सहन झाले नसते, असे माझ्या कन्येचे म्हणणे आहे.

येथे मला आपल्यातील फरक स्पष्ट दिसला. तमाशात गैरहजर माणसाची जागा रिकामी राहत नाही. ती त्याच रात्री भरली जाते. मुख्य नावे सोडली तर ढोलकीवर काल कोण होता आणि आज कोण आहे, हे आम्ही रसिक विचारीत नाही. ढोलकी घुमली की झाले. कोरियातील चाहती तेरा जणांची नावे, जन्मदिवस आणि गावे सांगू शकते. आमची निष्ठा फलकावरच्या दोन नावांपाशी संपते.

हंगामाचे अर्थकारण

फडाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते. चैत्रापर्यंत तो मोठ्या यात्रांमध्ये तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतो. चैत्रानंतर गावोगावच्या जत्रांची सुपारी घेतो. तेथे प्रेक्षकाला तिकीट नसते, गावकरी वर्गणी काढून बिदागी देतात. या सुपाऱ्या ठरविण्यासाठी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच तेथे येऊन फड पसंत करतात. हंगामाच्या आधी कलावंतांना ‘उचल’ द्यावी लागते. ती देण्यासाठी फडमालक स्वतः कर्ज काढतो. म्हणजे पडदा वर जाण्यापूर्वीच फडातील प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा देणेकरी झालेला असतो.

ही साखळी शेवटी शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेली आहे, ही गोष्ट मराठवाड्यातील वाचकास वेगळी सांगावयास नको. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी गावाने जत्रेची वर्गणी कोठून काढावी? त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि तिकीट खिडकीवर रोख पैशावर चालणारा हा धंदा ऐन हंगामात अडचणीत आला. 2020 चा आघात याहून मोठा होता. त्या वर्षी 25 मार्चला गुढीपाडवा होता आणि देशभरातील टाळेबंदीही त्याच दिवशी लागू झाली. सुपाऱ्यांचा हंगाम सुरू व्हायच्या दिवशीच संपला. पुढच्या वर्षीही जत्रा भरल्या नाहीत. मे 2021 मध्ये कांताबाई सातारकर यांचे करोनाने निधन झाले. तुकाराम खेडकरांच्या फडात शिवाजी महाराजांची पुरुषभूमिका करणारी आणि पुढे स्वतःचा फड चालविणारी ही कलावती. शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराच्या त्या पहिल्या मानकरी होत्या.

रसिकाचा वाटा

फड बदलले, वग आखूड झाला, चित्रपटगीते घुसली, अशी तक्रार माझ्या वयाचे रसिक नेहमी करतात. मीही केलेली आहे. परंतु ती करताना एक प्रसंग मला टोचतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस एका यात्रेत एका नामवंत फडाचा वग रंगात आला होता. मागच्या बाजूने आरोळ्या सुरू झाल्या : “वग बंद करा, गाणं लावा!” सोंगाड्याने हात जोडले, दोन वाक्ये पुढे रेटली आणि मग मुकाट्याने बाजूला झाला. त्या वेळी चालू असलेल्या चित्रपटातील गाणे सुरू झाले आणि तंबू डोलू लागला. ओरडणाऱ्यांत मी नव्हतो. पण ओरडणाऱ्यांना गप्प करणाऱ्यांतही नव्हतो. गाणे लागल्यावर मी उठून गेलो नाही, हे तर खरेच.

कोरियातील चाहते आपल्या गटाचा रंग ठरवून त्या रंगाचे फुगे, अलीकडे दिवे, हाती धरतात. आमच्याकडे दौलतजादा होती, फेटे उडत होते, शिट्या होत्या. उत्साहात आम्ही उणे नव्हतो. परंतु तमाशातील कलावंत बहुतांशी दलित व भटक्या समाजातून आलेले, आणि रात्रीचा हा उत्साह सकाळी त्यांना गावात पाणी देताना टिकत होता असे म्हणणे धाडसाचे होईल.

विठाबाईंविषयीची एक हकीकत प्रत्येक रसिकाला ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या मंचावर उभ्या राहिल्या, कळा येताच आत गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा मंचावर आल्या. प्रेक्षकांना कळले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवावयास सांगितले. ही हकीकत मी शेकडो वेळा कौतुकाने सांगितली आहे. आता सांगताना मी अडखळतो, कारण तिच्यात कलानिष्ठा जितकी आहे तितकीच खेळ बुडाला तर दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटेल ही चिंताही आहे. विठाबाईंचे 15 जानेवारी 2002 रोजी निधन झाले. त्यांची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. त्यांच्या नावाचा पुरस्कार त्यानंतर सुरू झाला.

ज्येष्ठ फड टिकले ते नावाच्या पुण्याईवर, आणि नावाची पुण्याई रसिकाने सांभाळली, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. ते खोटे नाही. पण नाव सांभाळणे स्वस्त असते. त्या नावाखाली राबणाऱ्या माणसांना हंगाम संपल्यावर काय उरते, याची चौकशी आम्ही केली नाही.

अलीकडच्या एका यात्रेत खेळ सुरू होण्यापूर्वी मी कनातीच्या मागे गेलो. एक मध्यमवयीन गृहस्थ ढोलकीला शाई लावीत बसले होते. मी नाव विचारले. त्यांनी फडाचे नाव सांगितले. मी म्हणालो, “फडाचं नाही, तुमचं.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि सांगितले. यात्रेत पाहिलेल्या खेळांच्या नोंदीची एक जुनी वही मी बाळगतो. तीत ते नाव लिहून घेतले. घरी आल्यावर वही मागून पुढे चाळली. वगांची नावे होती, फडांची होती, तिकिटाचे दरही होते. ढोलकीवाल्याचे नाव ते पहिलेच.