सतरा नंबरचं घर आणि खेळण्यातली आगगाडी

लंडनमधलं एक रिकामं घर. वाऱ्याने उडालेली हॅट घ्यायला आलेला एक माणूस दाराशी थबकतो. वरच्या खिडकीत उजेड हलताना दिसतो, म्हणून आत शिरतो, तर जिन्यावर मृतदेह! आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘नंबर सेव्हन्टीन’ची (1932) ही सुरुवात. चोरीला गेलेला रत्नहार, तो घेऊन देशाबाहेर पळू पाहणारी टोळी आणि तिच्या मागावरचा डिटेक्टिव्ह, असा जेमतेम तासाभराचा हा मामला.

ब्रिटनमध्ये तेव्हा असे चित्रपट भराभर निघत होते. हॉलिवूडच्या लोंढ्याला बांध घालण्यासाठी 1927 साली कायदा झाला. वितरकांवर सुरुवातीला साडेसात टक्के ब्रिटिश चित्रपट घेण्याची सक्ती आली. पुढे हे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत चढत गेलं. अमेरिकी कंपन्यांनी पळवाट शोधली आणि स्वस्तातले चित्रपट काढून घेऊन कोटा भरला. त्यांना ‘कोटा क्विकी’ हे नावच पडलं. ‘नंबर सेव्हन्टीन’ काही त्या गटातला नव्हे. तो एल्स्ट्रीच्या ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्सचा. पण तिथेही हात आखडताच होता.

हिचकॉकला खरं तर ‘लंडन वॉल’ हे नाटक करायचं होतं. स्टुडिओने ते दुसऱ्याला दिलं आणि त्याच्या गळ्यात जे. जेफरसन फार्जनचं हे रहस्यनाटक मारलं. रंगभूमीवर भटक्या बेनची भूमिका गाजवलेला लिऑन एम. लायन पडद्यावरही तीच भूमिका करतो.

पूर्वार्धात कोण चोर आणि कोण पोलीस, याचा पत्ताच लागत नाही. गोंधळ फार आहे, हे मान्य करायलाच हवं. पण तो जिना पाहावा! मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर माणसांहून मोठ्या सावल्या चढतात. कठड्याला बांधलेले दोघं कठडा तुटल्यावर अधांतरी लोंबकळू लागतात, तेव्हा पोटात खड्डा पडतो.

आणि मग तो पाठलाग. टोळी मालगाडीत चढते; ही गाडी डब्यांसकट बोटीवर चढून युरोपात जाणार असते. डिटेक्टिव्ह ग्रीन लाइनची बस ताब्यात घेऊन तिच्या मागे सुटतो. इंजिन चोरांच्या हाती पडतं, पण ते थांबवणं त्यांना जमत नाही. गाडी बेफाम धावत सरळ बोटीवर आदळते. लांबून दिसणारी गाडी, बस, बोट ही छोटी मॉडेल्स आहेत आणि ती तशी ओळखूही येतात. तरी श्वास रोखला जातो, कारण संकलन! चाकं, वाफ, बसमध्ये एकमेकांवर कोसळणारे प्रवासी आणि पुन्हा चाकं. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा आखूड वाटतो. तुटपुंज्या पैशांत वेग कसा उभा करायचा, याचा असा धडा त्या काळात क्वचितच सापडेल. आणि हार? तो निघतो बेनच्या गळ्यात.

फ्रेंच चित्रपटकार फ्रांस्वा त्रुफोशी झालेल्या गाजलेल्या मुलाखतीत हिचकॉकने हा चित्रपट साफ मोडीत काढला. दिग्दर्शकाचा हा निवाडा मात्र अर्धाच पटतो. कारण ‘नंबर सेव्हन्टीन’नंतर सहा वर्षांनी, 1938 साली, त्याने ‘द लेडी व्हॅनिशेस’ केला. त्याची सुरुवातच बर्फाळ डोंगरातल्या मॉडेलच्या गावावरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याने होते, आणि पुढची जवळजवळ सगळी गोष्ट आगगाडीत घडते.