चिकूला आंबटाची जोड, मोहाला परवान्याची

डहाणूच्या कालीपत्ती चिकूत साखर भरपूर आणि आंबटपणा जवळजवळ नाहीच. खाणाऱ्याला हाच त्याचा मोठा गुण वाटतो. वाइन करायला बसलेल्याची मात्र इथेच कसोटी लागते. वाइनच्या द्राक्षरसाचा सामू साधारण ३.२ ते ३.६ असतो, पिकल्या चिकूचा पाचच्या आसपास. असा गोड, बिनआंबट गर भांड्यात टाकून ठेवला, तर यीस्ट वाढते तसे नको असलेले जिवाणूही वाढतात आणि चार दिवसांत सगळ्याला उग्र वास सुटतो. म्हणून चिकूची वाइन करायची तर चिकूत बाहेरून काहीतरी घालावेच लागते. काय घालायचे, किती आणि केव्हा, यातच या कामाचे सगळे कौशल्य आहे.

हे कौशल्य डहाणू तालुक्यात कमावले गेले. बोर्डीच्या हिल झिल वाइन्सने ‘फ्रुझान्ते’ या नावाने चिकूची फसफसणारी वाइन बाजारात आणली. प्रियांका सावे आणि नागेश पै यांचा हा उद्योग. नाशिकची द्राक्ष वाइन एव्हाना सगळ्यांच्या परिचयाची झाली होती, पण चिकूपासून बाटलीबंद, परवानाधारक वाइन होऊ शकते हे लोकांना पटवणे सोपे नव्हते. चिकू म्हणजे मिल्कशेक, फार तर आइस्क्रीम, एवढीच आपली कल्पना.

हा प्रयोग बोर्डीतच का झाला, याचे उत्तर मातीत आहे. फलोद्यानाच्या पुस्तकांत भारतातली चिकूची पहिली लागवड १८९८ साली शेजारच्या घोलवडला झाल्याचे सांगितले जाते. फळ मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, पण समुद्राकाठची दमट हवा आणि घोलवडची चुनायुक्त जमीन त्याला अशी मानवली की पारशी-इराणी बागायतदारांपासून स्थानिक शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या वाड्यांत चिकू उभा राहिला. पालघर जिल्ह्यात आज सुमारे ५,००० हेक्टरवर चिकू आहे. २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावावर आहे. २०२१ मध्ये हाच चिकू ब्रिटनला रवाना झाला. पण पिकलेला चिकू तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही. दिल्लीच्या बाजारात भाव पडला की इथल्या वाडीत माल पडून राहतो. चिप्स, पावडर, लोणचे आणि शेवटी वाइन, हे सगळे त्या अडचणीतून निघालेले मार्ग आहेत. शिवाय केंद्र सरकारने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर मर्यादा घातल्या. त्यामुळे वाड्या टिकल्या, आणि फळावर होणारी छोटी प्रक्रिया हाच इथे शोभणारा उद्योग ठरला.

चिकूच्या वाइनचे काम जवळून पाहिले की प्रत्येक जोडपदार्थाला एक कारण सापडते. फळ अर्धवट पिकलेले असले तर त्यातला चीक आणि टॅनिन जिभेला चिकटते, म्हणून पूर्ण पिकलेलेच फळ घ्यायचे. गर दाट आणि चिकट, रस सहज सुटत नाही. त्यासाठी पेक्टिनेज हे विकर घालतात. ते गरातले पेक्टिन तोडते आणि रस मोकळा होतो. पण त्याचे प्रमाण आवरते ठेवावे लागते, कारण पेक्टिन तुटताना थोडे मिथेनॉल तयार होते. मग आंबटपणा: सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल घालून सामू चारच्या खाली आणतात. यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो आणि फळांच्या रसात तो बहुधा पुरेसा नसतो, म्हणून डायअमोनियम फॉस्फेटची चिमूट. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. वीस ब्रिक्सच्या, म्हणजे साधारण वीस टक्के साखरेच्या, चिकूगरातून दहा-अकरा टक्क्यांपर्यंत जाता येते, पण पाणी घालून गर पातळ केला की तेवढी मजल उरत नाही. मग कोणी साखर घालते, कोणी मध. शेवटी बेंटोनाइट मातीने गढूळपणा खाली बसवायचा. यातल्या निम्म्या गोष्टी पिणाऱ्याच्या जिभेला कधी कळतच नाहीत. चव सुधारणे हे जोडपदार्थाचे दुसरे काम, भांड्यातली परिस्थिती यीस्टच्या बाजूने वळवणे हे पहिले.

घरी बिअर करणाऱ्या परदेशी हौशी मंडळींना हा धडा पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच मिळतो. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द झाला, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने वाट मोकळी झाली. तिथे दुकानात तयार किट मिळते: माल्टच्या अर्काचा दीड-पावणेदोन किलोचा डबा आणि यीस्टची पुडी. किलोभर साखर आणि वीस-बावीस लिटर पाणी आपण घालायचे. डब्यातली बिअर सगळ्यांची सारखीच होते, म्हणून प्रत्येक जण तिच्यात आपले काही घालतो. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल, कुठे मध, कुठे आले, कुठे फळांचा गर. साखर वाढवली तर अल्कोहोल वाढते आणि अंग पातळ होते. फळ सुरुवातीलाच घातले तर आंबताना निघणाऱ्या वायूबरोबर त्याचा सुगंध उडून जातो, म्हणून जाणकार ते पहिला जोर ओसरल्यावर घालतात. बाटली भरताना लिटरमागे पाच-सात ग्रॅम साखर घातली की फेस येतो, हात सैल सोडला तर बाटली फुटते. महाराष्ट्रात मात्र घरी बिअर किंवा वाइन करणे हा छंद होऊ शकत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय कोणतेही मद्य बनवायला मनाई करतो. ज्याला हे शास्त्र हाताने शिकायचे आहे त्याने परवाना असलेली वायनरी किंवा ब्रुअरी गाठावी. घरात किट उघडू नये.

डहाणू आणि शेजारच्या तलासरीला मात्र हे शास्त्र शिकायला किटची गरज कधीच नव्हती. किनाऱ्यावरून पूर्वेकडे निघाले की ताड आणि खजुरी दिसू लागतात. ताडाच्या कोवळ्या फुलोऱ्याला छेद देऊन खाली मडके बांधतात, रात्रभर रस थेंबथेंब साठतो. मडक्याच्या आतून चुना लावला असेल तर रस आंबत नाही, सकाळी नीरा हाती येते. चुना नसेल तर हवेतले आणि मडक्यातले यीस्ट आणि जिवाणू लगेच कामाला लागतात आणि काही तासांत चार-पाच टक्क्यांची ताडी तयार होते. एक चुन्याचा हात काय तो फरक. बिअरच्या सर्वांत जवळचे आपले पेय हेच, आणि त्याला ना माल्ट लागतो, ना पुडी. वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस हमखास असतो, तो उगाच नव्हे.

तलासरीच्या डोंगराळ भागात मान मोहाचा. फेब्रुवारी संपता संपता झाडाची पाने झडतात आणि फुले धरतात. रात्रीतून मांसल, फिकट पिवळी फुले गळू लागतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो. त्याआधी बाया झाडाखालचा पालापाचोळा झाडून जमीन लख्ख करतात, म्हणजे फुले मातीत मळत नाहीत. टोपल्या भरतात, अंगणात फुले वाळत घालतात. दोन-चार उन्हे खाल्ली की ती मनुकांसारखी तांबूस, चिकट होतात. वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. म्हणून ती नुसती खातात, भाजून खातात, गुरांना घालतात. पाण्यात भिजवली तर काही दिवसांत स्वतःच आंबू लागतात, कारण यीस्ट फुलांवरच असते. मग चुलीवर मडके, सांधे मातीने लिंपलेले, नळीतून थंड भांड्यात उतरणारी वाफ. वारल्यांच्या लग्नात, देवाच्या कार्यात या दारूचे थेंब आधी जमिनीवर शिंपडले जातात, मग माणसांना मिळते. ज्याला फक्त नशा दिसते त्याला या थेंबांचा अर्थ कळणार नाही.

दारू गाळल्यावरही जोडपदार्थांचा खेळ संपत नाही. याच जिल्ह्यातल्या वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत मोहाच्या दारूत दालचिनी, लवंग, गवती चहा, साखर घालून ‘खिमड’ करतात, सणासमारंभाला. झारखंडात तर सुरुवातच जोडपदार्थाने होते: तांदळाच्या हंडिया या पेयासाठी मुळ्या-पाल्यांची ‘रानू’ गोळी असते, तिच्यातच यीस्ट वाढवलेले असते. कारखान्यातल्या किटमधली पुडी जे काम करते, ते ही गोळी पिढ्यान् पिढ्या करत आली आहे.

एवढी जाण असलेला हा डहाणू-तलासरीचा मुलूख चोरट्या दारूच्या बातम्यांत का सापडतो, याचे उत्तर दीडशे वर्षे मागे आहे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने गावोगावची दारू सरकारच्या ताब्यात घेतली. ताडाच्या झाडांवर कर बसला. मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांत पारशी मालकांकडे तयार होऊ लागली आणि आदिवासींनी आपल्याच जंगलातल्या फुलाची दारू दुकानातून विकत घ्यावी, अशी वेळ आली. तेवढ्याने भागेना म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. घरात वाळत घातलेले फूल गुन्ह्याचा पुरावा ठरू लागले. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून देवीची चळवळ उठली आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पसरली. देवीच्या नावाने लोकांनी दारू-ताडी सोडली, दारू विकणाऱ्यांकडे कामाला जाणे थांबवले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर सविस्तर लिहिले आहे. दारूचा मक्ता आणि सावकारी एकाच हातात होती, म्हणून दारू सोडणे हा बंडाचाच एक प्रकार होता. १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी झरीच्या सभेतून वेठबिगारीविरुद्ध जो लढा उभारला, त्याच्या मागे अशी दोन पिढ्यांची घुसमट होती.

लपून करायचे म्हटले की घाई आली, आणि घाईबरोबर वाईट जोडपदार्थ आले. मोहाऐवजी काळा गूळ, लवकर आंबावे म्हणून नवसागर. पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत ‘नवसागरमिश्रित रसायन नष्ट केले’ हे वाक्य ठरलेले असते. शहरातल्या बनावट ताडीत क्लोरल हायड्रेट सापडते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ते मिथेनॉल फुलातून किंवा फळातून आलेले नव्हते, विकणाऱ्यांनी घातलेले होते. दारूचे दुष्परिणाम मी कमी लेखत नाही. पाड्यांवर दारूने मोडलेले संसार आहेत आणि दारूबंदीसाठी उभ्या राहणाऱ्या बायांचा राग खरा आहे. पण भांड्यात काय घातले हे उघड्यावर तपासता येत नाही तोवर ते भांडे अधिकच धोक्याचे होते, हेही तितकेच खरे आहे.

गेल्या काही वर्षांत सरकारची भूमिका थोडी बदलली. २०२१ मध्ये राज्याने मोहफुले गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोहफुले आणि काजूबोंडांपासून केलेल्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घेण्याचा निर्णय केला. मधाच्या मद्यानेही वाट दाखवली आहे. पुण्याची मूनशाइन मीडरी, नाशिकची सेराना मीड्स यांनी मधात फळे, मसाले, कॉफी घालून नवी पेये बाजारात आणली. मध्य प्रदेशात मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता मिळाली आणि आदिवासी बचत गटांना ती बनवण्याची मुभा दिली गेली. चिकूने बोर्डीत जे करून दाखवले ते मोहाला तलासरीत करता न येण्यासारखे काही नाही. फूल आहे, हात आहेत, सामू मोजायचे यंत्र काही फार महाग नाही.

उणीव आहे ती परवान्याची. मोठ्या कारखान्याच्या मापाचा परवाना बचत गटाला परवडणार नाही, आणि तो परवडणाऱ्या माणसाच्या हाती मोह गेला तर १८९२ ची गोष्ट नव्या नावाने सुरू होईल. राज्य उत्पादन शुल्क खात्याने मोहासाठी छोट्या उत्पादकाचा वेगळा, कमी शुल्काचा परवाना काढावा. फूल गोळा करणाऱ्या ग्रामसभांना आणि बायांच्या गटांना त्यात पहिला हक्क द्यावा, प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची करावी, आणि ती प्रयोगशाळा डहाणू किंवा तलासरीतच असावी. पुढचा मोह फुलायच्या आत एवढे झाले पाहिजे.