शुगर लो झाली की काय द्यायचं?

अंगाला दरदरून घाम, हात थरथरतायत, छातीत धडधड, आणि ग्लुकोमीटरवर आकडा ५८. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाच्या घरात अशा वेळी हात आधी पेढ्यांच्या डब्याकडे जातो. गोड आहे, म्हणजे शुगर लगेच चढेल असं वाटतं. पण पेढ्यात खवा असतो आणि खव्यातली स्निग्धता पोटात रेंगाळते, सोबतच्या साखरेलाही अडकवून ठेवते. बर्फी, चॉकलेट, आइस्क्रीम यांचंही तेच. डाएट कोल्ड्रिंकमध्ये तर साखरच नसते.

सरावलेल्या घरातली गडबड वेगळी दिसते. पेल्यात साखरेचे तीन सपाट छोटे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. वर थोडं पाणी, आणि दाणा विरघळेपर्यंत ढवळणं. माणूस बसलेला, शुद्धीवर आणि नीट गिळणारा असला की हे पाणी त्याला घोट घोट प्यायला द्यायचं. मग घड्याळाकडे बघत १५ मिनिटं थांबायचं.

हे थांबणंच सगळ्यात अवघड. भूक इतकी खवळलेली असते की समोर येईल ते खावंसं वाटतं; त्या भरात दोन लाडू पोटात गेले की तासा-दोन तासांनी आकडा ३००च्या घरात. १५ मिनिटांनी बोट धुऊन, पुसून पुन्हा तपासायचं. बोटाला साखर चिकटलेली असली तर मीटर खोटा दिलासा देतो. आकडा ७०च्या खाली असेल तर तेवढंच पाणी पुन्हा. वर आला आणि जेवायला वेळ असेल, तर अर्धी पोळी किंवा दूध-बिस्किटं. पोळी आधी नाही, नंतर.

औषधांची पाकिटंही एकदा नीट वाचून ठेवावीत. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साखरेचं पाणी फारसं कामाला येत नाही, कारण आतड्यात साखर फोडणारं विकर ही गोळी अडवते. तिथे ग्लुकोजची पावडरच लागते. हे घरात सगळ्यांना माहीत हवं, कारण लो झालेल्याला स्वतःला ते आठवेलच असं नाही.

आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं, १०८ला फोन करायचा. तिथून पुढचं काम शिरेतून दिलेल्या ग्लुकोजचं किंवा ग्लुकॅगॉनच्या इंजेक्शनचं.